दुसरे रणोजीराव

‘‘सिंहासन सोडलं तो एडवर्ड आठवा,’’ मी म्हणालो. ‘‘इथं सातवा झालाय.’’

‘‘इंग्रजांचे राजे इंग्रज बघून घेतील,’’ सबनीस कारभारी म्हणाले. ‘‘तुम्ही पान पुढं सरकवा.’’

मी पान पुढं सरकवलं. बोंद्र्यांच्या छापखान्यातल्या त्या एकुलत्या एक कॉम्प्युटरसमोर मी दुपारपासून बसलो होतो आणि सबनीस माझ्या पाठीमागे खुर्ची ओढून बसले होते. त्यांच्या तोंडातल्या लवंगेचा वास माझ्या मानेवरून जाऊन मॉनिटरवर आदळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माणखेडच्या राजवाड्यात गादीचा समारंभ होता. त्याची स्मरणिका दिवेलागणीच्या आत मशीनवर चढायला हवी होती.

माणखेडचं राज्य जाऊन पन्नास वर्षं झाली होती, पण गादी होती. गादीला कापूस लागतो, राज्य लागत नाही, असं खुद्द सबनीसच म्हणत, अर्थात राजवाड्याबाहेर.

आमच्या राजांना नाव निवडायचा त्रास नव्हता. जो गादीवर बसेल तो रणोजीराव. त्यामुळे कोणता रणोजीराव हे ओळखायला आकडाच लागायचा. पहिले रणोजीराव एकदा लंडनला जाऊन आले होते आणि येताना शेपटीचा कोट आणि रोमन आकडे घेऊन आले होते. कोटाला कसर लागली. आकडे टिकले. वेशीवर, बग्गीच्या दारावर, चांदीच्या चमच्यांच्या देठांवर सगळीकडे R. R. आणि पुढे उभ्या रेघा.

आता गादीवर बसणार होते बाळराजे. वय पस्तीस, ट्रॅक्टरची एजन्सी, आणि आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. मी त्या कॉलेजात इतिहास शिकवत असे, आणि दर जूनमध्ये मला वर्षभराची नवी ऑर्डर मिळत असे. शिवाय मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस छापखान्यात सापडतो.

स्मरणिकेचं मुखपृष्ठ आधीच सोनेरी शाईत छापून झालं होतं: श्रीमंत रणोजीराव III. आतला मजकूर, म्हणजे संस्थानचा नऊ प्रकरणांचा इतिहास, बाळराजांचे वडील आबासाहेब महाराज यांनी लिहिला होता. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी राजवाड्यावर कॉम्प्युटर आणवला, दोन बोटांनी टायपिंग शिकले, आणि इतिहास पुरा करून मगच वारले. सबनीसांनी त्याची फ्लॉपी मला आणून दिली होती. आणण्यापूर्वी त्यांनी स्वतः राजवाड्यावर बसून तिच्यात ‘थोडी साफसफाई’ केली होती. काय साफ केलं हे मी विचारलं नव्हतं. एप्रिल चालू होता, आणि एप्रिलनंतर लगेचच जून येतो.

माझ्याकडे आणखी एक काम होतं. सुबराव चोपदाराला रोमन वाचता येत नव्हतं. समारंभात ललकारी तो देणार. म्हणून त्याच्यासाठी एक वेगळा कागद, मोठ्या टायपात, आकडे मराठी शब्दांत. माणखेडची रीत अशी होती की गादी भरताना आजवर होऊन गेलेल्या प्रत्येक राजाचं नाव पुकारायचं, आणि प्रत्येक नावाला नगाऱ्यावर एक ठोका. शेवटी नव्याचं नाव आणि त्याचा ठोका.

‘‘पहिले, दुसरे, तिसरे,’’ सबनीसांनी सांगितलं. ‘‘तीन नावं, तीन ठोके. सुबरावला फार लांबड झेपत नाही.’’

मी टाइप केलं.

तेवढ्यात छापखान्याच्या दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून आक्कासाहेब उतरल्या.

आक्कासाहेब राजवाड्याच्या मागच्या चौकात राहायच्या. सत्तरीच्या, कृश, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. त्यांची हकिगत गावाला तोंडपाठ होती. पहिल्या रणोजीरावांना मुलगा नव्हता. ते गेल्यावर थोरल्या राणीसाहेबांनी भाऊबंदांतला एक मुलगा दत्तक घेतला, त्याला गादीवर बसवलं आणि त्याचं लग्नही लावलं. इंग्रज सरकारची मंजुरी यायची होती. मंजुरीच्या आधी विषमज्वर आला. मुलगा गेला. मग दुसरा दत्तक झाला, त्याला मंजुरी मिळाली, आणि तेच आबासाहेब महाराज. राजवाड्याच्या कागदांत ‘दुसरे’ हेच. आधीच्याची बायको तेवढी शिल्लक राहिली होती. ती म्हणजे आक्कासाहेब.

त्या आत आल्या. बोंद्रे धावत बाकडं पुसायला गेले. मी उभा राहिलो. सबनीस खुर्चीतल्या खुर्चीत नुसते पुढे वाकले. या वाकण्याला मुजरा म्हणावं की पाठीत उसण भरली म्हणावं, हे बघणाऱ्यावर सोडलेलं होतं.

‘‘सबनीस,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या यांचं नाव घातलंय?’’

‘‘घातलंय की, आक्कासाहेब. तळटीप आहे.’’

‘‘तळटीप म्हणजे?’’

‘‘पानाच्या खाली. बारीक अक्षरात.’’

‘‘म्हणजे पायाशी.’’

सबनीसांची लवंग या गालातून त्या गालात गेली.

‘‘छापायचं ते छापा,’’ आक्कासाहेब म्हणाल्या. ‘‘आम्हाला पुस्तकाचं काही नाही. उद्या सुबराव नावं घेईल तेव्हा यांचंही घ्यावं. एक ठोका. आबासाहेबांच्या गादीच्या वेळीही नाही वाजला. तेव्हा आम्ही पंधरा वर्षांच्या होतो, काय विचारायचं ते कळत नव्हतं. आता पुढची गादी बघायला आम्ही असणार नाही.’’

सबनीसांनी समजुतीच्या सुरात सांगायला घेतलं. नाव पुकारलं म्हणजे राजा मानला. राजा मानला की आकडा आला. आकडा आला की बाळराजे तिसरे राहत नाहीत, चौथे होतात, आणि मुखपृष्ठ तर छापून बसलंय. शिवाय आक्कासाहेबांचे माहेरचे भाचे वकील आहेत. आज ठोका, उद्या मागचा चौक, परवा देवीच्या पालखीचा मान. एकदा छापलं की कोर्टात पुरावा होतो. सगळं बोलणं अदबीचं होतं. दार बंद करताना कडीचा आवाज होऊ नये अशी काळजी घ्यावी, तसं.

‘‘बरं,’’ आक्कासाहेब म्हणाल्या आणि बाकड्यावर बसल्या. ‘‘छापून होईपर्यंत बसतो.’’

त्या बसल्याच. हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. सबनीस माझ्या पाठीशी आणि त्या समोर, अशा बेतानं मी अनुक्रमणिका करायला घेतली.

प्रकरणांचे आकडेही आबासाहेबांनी रोमनच ठेवले होते. I. मग II. मग पुन्हा II. मग III. मग एकदम V.

मला वाटलं, मीच चुकलो. पुन्हा वर गेलो. दोन दुसरी प्रकरणं. चौथं नाहीच. पुढे VI, VII, पुन्हा VII, IX. आठवंही नाही. प्रकरणं मात्र नऊच्या नऊ जागेवर, मजकूर सलग.

मी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

ज्यानं कॉम्प्युटरवर थोडंफार काम केलंय त्याला हे कळायला वेळ लागत नाही. ‘शोधा आणि बदला’ अशी एक सोय असते. तिला सांगायचं, जिथं तीन रेघा दिसतील तिथं दोन कर. ती करते. रणोजीरावाच्या तीन रेघा दोन होतात, तशाच तिसऱ्या प्रकरणाच्याही दोन होतात, आणि आठव्यातही शेवटी तीन रेघा असतात, म्हणून आठव्याचं सातवं होतं. एडवर्डही त्यातच सापडला. नंतर तिला सांगायचं, IV दिसेल तिथं III कर. चौथं प्रकरण तिसरं होतं. सबनीसांनी सगळं एका दमात बदलून टाकलं होतं आणि प्रकरणांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

म्हणजे बदलण्याआधी फाइलमध्ये बाळराजे IV होते. आणि आबासाहेब महाराज III.

आबासाहेबांनी हे स्वतः टाइप केलं होतं, आणि ते हातून सुटून झालेलं नव्हतं. मराठी फॉन्टमध्ये रोमन आकडा उठत नाही. भलतीच अक्षरं उमटतात. त्यासाठी मराठी फॉन्ट सोडायचा, इंग्रजी घ्यायचा, रेघा मारायच्या, परत मराठीवर यायचं. दोन बोटांनी टाइप करणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं स्वतःच्या नावापुढे तीन रेघा मारण्यासाठी हे दर वेळी केलं होतं. ज्याला सगळ्या कागदांनी दुसरा म्हटलं, त्यानं स्वतःला तिसरा लिहून ठेवलं होतं.

‘‘काय झालं?’’ सबनीसांनी मागून विचारलं.

‘‘प्रकरणांचे आकडे थोडे हललेत.’’

ते पुढे वाकले. स्क्रीनवरची अनुक्रमणिका त्यांनी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं. हा सगळा व्यवहार लवंगेच्या वासातच पार पडला.

‘‘कॉम्प्युटर आहे,’’ ते अगदी हळू म्हणाले. ‘‘हलायचंच. हातानं नीट करून टाका. जूनमध्ये कॉलेजात बऱ्याच जागा कमी होणार आहेत, पतंगे सर. चांगली माणसं राहावीत असं मला फार वाटतं.’’

समोर बाकड्यावर आक्कासाहेब बोंद्र्यांनी दिलेला चहा पीत होत्या. बशीत ओतून, फुंकर न घालता. मी दुसऱ्या दुसऱ्याचं तिसरं केलं. तिसऱ्याचं चौथं करायला गेलो आणि बाहेर जीप थांबली.

बाळराजे आले ते मुखपृष्ठ बघायला. फोनवर बोलत आले, बोलत बसले, बोलतच मुखपृष्ठ हातात घेतलं आणि सोनेरी रेघांवरून अंगठा फिरवला. मग फोन खिशात टाकून समोर बघितलं तर आक्कासाहेब.

‘‘आक्कासाहेब, तुम्ही इथं?’’

‘‘चहा घेतोय,’’ त्या म्हणाल्या.

बाळराजे सबनीसांकडे वळले. सबनीस म्हणाले, सगळं तयार आहे, सरांचं किरकोळ राहिलंय.

आता मला बोलायचं नव्हतं. ही गोष्ट मी पुढे अनेकांना सांगितली आणि दर वेळी लोकांना वाटलं, इथं मी धीर केला. धीर वगैरे काही नव्हता. बाळराजांनी विचारलं, ‘‘किरकोळ म्हणजे काय?’’ आणि मास्तरला प्रश्न विचारला की उत्तर तोंडातून निघतंच.

‘‘दोन दुसरी प्रकरणं झाली होती,’’ मी म्हणालो. ‘‘आणि दोन सातवी. चौथं आणि आठवं नाही.’’

‘‘गाळलीत?’’

‘‘गाळलेलं प्रकरण एकही नाही. आकडे बदललेत. जिथं III होतं तिथं II झालंय. जिथं IV होतं तिथं III.’’

‘‘किरकोळच आहे,’’ सबनीस म्हणाले.

बाळराजे ट्रॅक्टर विकायचे. चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळला नाही तर काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी मुखपृष्ठाकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे सरकवून स्क्रीनकडे.

‘‘सगळीकडे बदललंय?’’

‘‘सगळीकडे.’’

‘‘नावांतही?’’

मी स्क्रीनकडेच बघत राहिलो. मशीनवर कागद लावणारे बोंद्रेही थांबले. त्या छापखान्यात इतकी शांतता दिवाळीत सुट्टी असतानाच असायची.

‘‘सबनीस,’’ बाळराजे म्हणाले, ‘‘आबासाहेबांनी मला काय लिहिलं होतं?’’

‘‘शेवटी शेवटी महाराजांची तब्येत...’’

‘‘तब्येतीचं विचारलं नाही.’’

सबनीसांनी लवंग गिळली असावी. ‘‘चौथे,’’ ते म्हणाले.

‘‘आणि स्वतःला?’’

‘‘तिसरे.’’

बाळराजांनी हातातलं मुखपृष्ठ बाजूला ठेवलं. मग आक्कासाहेबांकडे वळले, आणि त्यांचा आवाज वेगळा लागला. लहानपणी राजवाड्याच्या मागच्या चौकात खेळायला जाणाऱ्या मुलाचा असावा तसा.

‘‘आक्कासाहेब, आबासाहेब तुमच्याकडं यायचे ना?’’

‘‘यायचे. दर अमावास्येला, देवीचं दर्शन झालं की. चहा घ्यायचे.’’

‘‘काय बोलायचे?’’

‘‘काही नाही. पाऊसपाणी. तुमची शाळा.’’ त्यांनी रिकामी बशी बाकड्यावर ठेवली. ‘‘उभ्यानं घ्यायचे चहा.’’

‘‘उभ्यानं?’’

‘‘कधी बसले नाहीत. गुडघे धरले होते तरी नाही. आम्ही म्हणायचो, बसा. म्हणायचे, असू द्या.’’ त्यांनी कपही बशीत ठेवला. ‘‘आपल्याकडं आधी गादीवर बसलेल्या थोरल्या महाराजांच्या राणीसमोर धाकल्या महाराजांनी बसायचं नसतं. ही जुनी रीत. आता कुणाला ठाऊक नाही. त्यांनी बोलून दाखवलं नाही, आम्ही विचारलं नाही.’’

बाळराजे खुर्चीत बसलेले होते. हे आम्हाला सगळ्यांना एकदमच दिसलं, त्यांना सर्वांत शेवटी. मग ते उठले. काही नाटकीपणा नाही. बसमध्ये बाईमाणूस दिसल्यावर उठावं तसे उठले आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

आक्कासाहेबांनी पदर सारखा केला.

‘‘सर, सुबरावच्या कागदावर किती नावं आहेत?’’

‘‘तीन,’’ मी म्हणालो.

‘‘चार करा. आणि पुस्तकात आबासाहेबांनी जे जसं लिहिलं होतं ते तसं.’’

‘‘बाळराजे, मुखपृष्ठ सोनेरी शाईत छापून झालंय,’’ सबनीस म्हणाले. ‘‘आणि वकील भाचे आहेत. कोर्टात उभं राहावं लागेल.’’

‘‘राहू,’’ बाळराजे म्हणाले. ‘‘सवय करतोय.’’

तेव्हा सबनीसही खुर्चीतून उठले. तीन-चार टप्प्यांत उठले, पण उठले.

पुढचं काम मात्र सोपं नव्हतं. बदललेलं त्याच सोयीनं उलटं फिरवता येत नव्हतं. फाइलमध्ये आता दोन जातींचे II होते: जे पहिल्यापासूनच दोन होते ते, आणि तीनाचे दोन झालेले ते. रेघांकडे बघून कॉम्प्युटरला त्यांच्यातला फरक कळेना, मलाही कळेना. तो ठाऊक असलेला माणूस गावात एकच होता. सबनीस माझ्या शेजारी स्टुलावर बसले, चष्मा लावला, आणि एकेका ओळीवर बोट ठेवून सांगू लागले. हा बदललेला. हा राहू द्या. हा बदललेला. त्या ‘साफसफाई’त काढून टाकलेला मजकूर त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होता. आक्कासाहेबांच्या यजमानांना गादीवर बसवलं त्या सकाळचं अख्खं वर्णन त्यांनी मला तोंडी सांगितलं, त्यातल्या स्वल्पविरामांसकट. मी फॉन्ट बदलत होतो, रेघा मारत होतो, परत मराठीवर येत होतो. एडवर्डचा आठवाही त्यांनीच आठवणीनं करून घेतला.

सकाळी दरबार भरला. आक्कासाहेब बायकांबरोबर चिकाच्या पडद्यामागे होत्या. सुबराव चोपदारानं कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि घसा साफ केला.

पहिल्या नावाला ठोका पडला. लोक पानसुपारी चघळत बसून होते.

‘‘श्रीमंत रणोजीराव महाराज, दुसरे,’’ सुबरावनं पुकारलं, आणि अजून गादीवर न बसलेले, कडेच्या चौरंगावर टेकलेले बाळराजे उठून उभे राहिले. ते उठले म्हणून मानकरी उठले. मानकरी उठले म्हणून सगळा दरबार उठला. का उठायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. नगारा वाजला. त्याचा घुमारा दिवाणखान्याच्या छतापर्यंत जाऊन परत खाली येईपर्यंत सगळे उभे होते.

तिसऱ्या नावाला लोक आपण होऊनच उठले. चौथ्याला तर प्रश्नच नव्हता. आता माणखेडला प्रत्येक नावाला उभं राहायची प्राचीन परंपरा आहे. सबनीसांनी पुढच्या वर्षीच्या पत्रकात तसं लिहिलं.

स्मरणिका अजून माझ्या कपाटात आहे. मुखपृष्ठावर III, आत IV. बघणारे विचारतात, छपाईची चूक का? मी हो म्हणतो. जूनमध्ये मला ऑर्डर मिळाली, आणि त्यावर सही बाळराजांची होती. नेहमीसारखी R. R. असलेली, फक्त पुढे रेघ एक आणि एक V.

समारंभ आटोपल्यावर मी एक प्रत घेऊन चिकाच्या पडद्यामागे गेलो. आक्कासाहेब एकट्याच बसल्या होत्या. बाकीच्या बायका जेवायच्या पंगतीकडे गेल्या होत्या. मी पान उघडून दिलं.

‘‘कुठं आहेत?’’

मी बोट ठेवलं.

‘‘या दोन रेघा?’’

‘‘हो.’’

त्यांनी त्या रेघा जवळून पाहिल्या, मग लांबून पाहिल्या. पान मिटलं.

‘‘ठोका एकच असतो का हो?’’

‘‘प्रत्येकाला एकच, आक्कासाहेब.’’

‘‘बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बसलेही तेवढाच वेळ होते.’’